फ्यूज कोणाचा उडावा?

बेळगावात आम्ही ज्या वाड्यात भाड्याने राहत होतो तेथे सहा बिऱ्हाडे होती आणि विजेचा मुख्य फ्यूज एकच होता. तिसऱ्या बिऱ्हाडातल्या काकूंनी विजेची शेगडी लावली की सबंध वाडा अंधारात बुडे. मग कोणी शिडी आणी, कोणी मेणबत्ती धरी, आणि काकू आपल्या दारात उभ्या राहून, "आज मी शेगडी लावलीच नाही हो," असे सांगत. हा प्रकार महिन्यातून चार-पाच वेळा होऊ लागल्यावर घरमालकांनी जालीम उपाय शोधला. फ्यूजमधली बारीक तार काढून त्यांनी तेथे तांब्याची जाड तार घातली. पुढे वर्षभर वाड्यात एकदाही अंधार झाला नाही. घरमालकांच्या हुशारीचे सर्वांनी, आमच्या वडिलांनीसुद्धा, कौतुक केले. नंतर एका पावसाळी रात्री जिन्याखालच्या फळीवरचे सगळे वायरिंग जळाले. नशिबाने माणसे वाचली.

ही गोष्ट आठवण्याचे कारण म्हणजे आमच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न. प्रकल्पासाठी त्याने एक लहानसा हायपरवायझर लिहावयास घेतला आहे. आज्ञावलीचा कागद पुढे ठेवून तो म्हणाला, "सर, ही अट कधी खोटी ठरणारच नाही. मग ही तपासणी काढून टाकू का? तेवढाच वेळ वाचेल." शेजारी बसलेला त्याचा मित्र लगेच म्हणाला, "तू कशाला काढतोस? कंपायलरच काढील." दोघेही हसले. मलाही हसू आले, पण उत्तर मात्र तेथल्या तेथे देता आले नाही. ते उत्तर मी येथे देत आहे. मासिकाची चार पाने त्यासाठी अडविल्याबद्दल संपादकांनी क्षमा करावी.

आमच्या शाखेबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडे स्पष्टीकरण. एका खऱ्या संगणकावर अनेक आभासी संगणक चालविणारी, सगळ्यांच्या तळाशी बसलेली आज्ञावली म्हणजे हायपरवायझर. कल्पना जुनीच आहे. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ साली जाहीर केली होती. केंब्रिज विद्यापीठात तयार झालेल्या झेन या हायपरवायझरवरचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला, आणि २००६ साली अ‍ॅमेझॉनने संगणक भाड्याने देण्याचा जो व्यवसाय सुरू केला तो याच झेनच्या पायावर. वरच्या आभासी संगणकांना या शास्त्रात पाहुणे म्हणतात आणि खालच्या यंत्राला यजमान. मला विचाराल तर भाडेकरू हा शब्द अधिक बरोबर आहे. ते पैसे देतात, एकमेकांना ओळखत नाहीत, आणि त्यांतला एखादा मुद्दाम वाईट हेतूने आलेला असू शकतो. भिंत सांभाळण्याचे काम एकट्या हायपरवायझरचे.

आता तपासण्या. झेनमध्ये त्यांच्या दोन प्रमुख जाती आढळतात. पहिली असर्ट. ती फक्त डिबग बिल्डमध्ये, म्हणजे चाचणीसाठी केलेल्या बांधणीत, जिवंत असते. लोकांच्या हाती जाणाऱ्या रिलीज बिल्डमध्ये ती पुसली जाते. दुसरी बग-ऑन. ती सर्वत्र राहते, आणि अट मोडलेली दिसताच सबंध यजमान थांबविते. इंटेलच्या घराण्यातील प्रोसेसरवर यासाठी यूडी२ नावाची दोन बाइटांची एक मुद्दाम अवैध ठेवलेली आज्ञा आहे. ती आली की प्रोसेसर अपवाद उभा करतो, हायपरवायझर आपल्या रजिस्टरांची स्थिती छापतो आणि खेळ संपतो. त्या यंत्रावर वीस पाहुणे असोत की दोनशे, सगळे एकदम खाली. मुख्य फ्यूज उडाला म्हणा ना!

तपासणीला खर्च किती? एक तुलना आणि एक सशर्त उडी. तपासावयाची किंमत रजिस्टरात हाताशी असेल आणि प्रोसेसरचा अंदाज बरोबर असेल तर नॅनोसेकंदाहूनही कमी. शिवाय ही उडी सहसा घेतली जात नाही असे कंपायलरला सांगून ठेवता येते, म्हणजे बंद पडण्याचा मजकूर तो दूर कोपऱ्यात टाकतो. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याचे 'वेळ वाचेल' हे म्हणणे बहुतेक ठिकाणी लागू पडत नाही. मात्र सर्वत्रच लागू पडत नाही असेही नाही. पाहुण्याने हाक मारली की हायपरवायझरचा जो रस्ता धावतो त्यावर सेकंदाला हजारो वेळा जावे लागते. तेथे किंमत दूरच्या स्मृतीतून आणावी लागत असेल तर प्रत्येक तपासणी मोजावीच लागेल.

पण खरी गंमत खर्चात नाही. कागदावर लिहिलेली तपासणी यंत्रात उतरते की नाही, यात आहे. त्या दुसऱ्या मुलाने थट्टेत जे सांगितले ते अक्षरशः घडलेले आहे, आणि तेही साध्यासुध्या ठिकाणी नव्हे.

२००९ साली लिनक्सच्या टीयूएन नावाच्या ड्रायव्हरमध्ये एक दोष उघडकीस आला. आज्ञावली लिहिणाऱ्याने एका पॉइंटरमधून, म्हणजे पत्त्यातून, एक किंमत वाचली होती, आणि पुढच्याच ओळींत तो पत्ता शून्य तर नाही ना, हे तपासले होते. शून्य असेल तर चूक कळवून परत फिरावयाचे, अशी ती शहाणपणाची तपासणी. जीसीसी कंपायलरने ती काढून टाकली. त्याचा युक्तिवाद पाहा: सी भाषेच्या नियमांप्रमाणे शून्य पत्त्यावरून वाचणे हे अनिर्धारित वर्तन आहे, म्हणजे तसे घडल्यास काय व्हावे याबद्दल भाषा काहीच आश्वासन देत नाही. लिहिणाऱ्याने तर आधीच तेथून वाचले आहे. त्या अर्थी पत्ता शून्य नसणारच. मग पुढची तपासणी कशाला? एरवी शून्य पत्त्यावरून वाचताच कर्नल तेथेच अडखळला असता. पण हल्लेखोराने स्मृतीचे शून्य क्रमांकाचे पान आपल्या मजकुराने भरून ठेवले, आणि साध्या वापरकर्त्याच्या हाती सगळ्या यंत्राच्या किल्ल्या आल्या. त्यानंतर लिनक्सच्या बांधणीत अशा तपासण्या काढू नकोस असे कंपायलरला बजावणारी खूण घालण्यात आली. ती आजही आहे.

येथे कंपायलरला शिव्या देणे सोपे आहे. मी स्वतः पहिल्यांदा हे वाचले तेव्हा दिल्या. पण शांतपणे विचार केला तर कंपायलर लिहिणाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती पोकळ नाही. आपण लहान लहान कार्ये लिहितो आणि प्रत्येकात सावधपणे तपासणी ठेवतो. ती कार्ये एकमेकांच्या पोटात उलगडली की एकच तपासणी दहा वेळा येते. नऊ अनावश्यक आवृत्त्या कंपायलर गुपचूप पुसतो म्हणून तर आपल्याला सावध राहणे परवडते! २००९ च्या त्या प्रकरणात मूळ चूक माणसाचीच होती: आधी वापर, मग चौकशी. मुलगी देऊन झाल्यावर स्थळाची माहिती काढण्यातला प्रकार. कंपायलरने एवढेच केले की आपले वाक्य शब्दशः खरे मानले.

तरीही त्याच्यावर एक दोष राहतोच. तो काढतो, पण सांगत नाही. अंकांची बेरीज मर्यादेबाहेर गेली का हे पाहण्यासाठी 'क्ष अधिक १०० ही संख्या क्षपेक्षा मोठी आहे ना' अशी तपासणी कित्येकांनी वर्षानुवर्षे लिहिली. चिन्हयुक्त पूर्णांकाची मर्यादा ओलांडली जाणे हेही सी भाषेत अनिर्धारित वर्तन. म्हणून कंपायलर ती अट सदैव खरी धरतो आणि तपासणी पुसतो. २००७ साली ही तक्रार जीसीसीच्या दोष-नोंदीत आली तेव्हा मोठाच वाद झाला. नियमाप्रमाणे कंपायलर बरोबर होता. एमआयटीच्या संशोधकांनी या जातीची तपासणी-पुसण्याची ठिकाणे हुडकणारे साधन तयार केले आणि २०१३ साली सांगितले की नावाजलेल्या आज्ञावल्यांमध्ये त्यांना असे १६० नवे दोष सापडले व ते लिहिणाऱ्यांनी मान्य करून दुरुस्तही केले. नावाजलेल्या, हे लक्षात घ्या. नवशिक्यांच्या नव्हेत.

हायपरवायझरच्या बाबतीत तर कंपायलर काही न पुसताही घात होऊ शकतो. डिसेंबर २०१५ मध्ये झेनने आपली १५५ क्रमांकाची सुरक्षा-सूचना काढली. पाहुण्याच्या आणि यजमानाच्या ड्रायव्हरांमध्ये स्मृतीचे एक सामाईक पान असते. पाहुणा त्यावर मागणी लिहितो, पलीकडचा ड्रायव्हर ती वाचतो. मागणीचा क्रमांक मर्यादेत आहे का हे पाहावयाचे आणि मग त्या क्रमांकाप्रमाणे योग्य ठिकाणी उडी घ्यावयाची, एवढेच काम. मूळ आज्ञावलीत हा क्रमांक एकदाच वाचलेला दिसतो. पण कंपायलरला हे पान सामाईक आहे याची कल्पनाच नाही. रजिस्टर अडवून ठेवण्यापेक्षा स्मृतीतून पुन्हा वाचणे त्याला सोयीचे वाटले तर तो दोनदा वाचतो, एकदा तपासण्यासाठी आणि एकदा उडी घेण्यासाठी. या दोन वाचनांमधल्या निमिषात पाहुण्याने क्रमांक बदलला की तपासणी एका क्रमांकाची झाली आणि उडी दुसऱ्यावर पडली. बाजारात तागडीत घातलेली भाजी निराळी आणि पिशवीत पडलेली निराळी, हा अनुभव कोणाला नाही? उपाय साधा होता: किंमत एकदाच स्वतःजवळ उतरून घ्यावयाची आणि पुन्हा पानाकडे पाहावयाचे नाही, आणि हे कंपायलरला न मोडता येईल अशा शब्दांत सांगावयाचे.

२०१८ च्या जानेवारीत स्पेक्टरचा गाजावाजा झाला तेव्हा तर याच्याही पुढची पायरी दिसली. प्रोसेसर तपासणीच्या निकालाची वाट न पाहता अंदाजाने पुढे पळतो, हे तेथे सर्वांना कळले. त्यासाठी मर्यादेबाहेरचा क्रमांक गणिताने शून्य करून टाकणारी युक्ती निघाली. पण तिचा मजकूर कंपायलरपासून लपवावा लागतो, कारण 'क्रमांक मर्यादेत आहे हे आत्ताच तपासले, मग हे गणित कशाला' असे म्हणून तो तेही पुसू शकतो! असो.

एवढे वाचल्यावर कोणी म्हणेल की मग सर्वत्र बग-ऑन ठोकावे, शंका आली की यंत्र बंद. आमच्या विषयातले पुष्कळ सावध लोक याच मताचे असतात, आणि मीही काही काळ होतो. माझे मत बदलले ते झेनच्याच दुसऱ्या एका सूचनेमुळे. क्रमांक १११, नोव्हेंबर २०१४. तिच्या मथळ्यातच 'अतिरेकी तपासणी' या अर्थाचे शब्द आहेत. ३२ बिटांच्या पाहुण्याने ६४ बिटांच्या हायपरवायझरला हाक मारली की तिच्यासोबतच्या किमतींचे भाषांतर होते आणि शेवटी रजिस्टरे नीट आहेत ना हे पाहिले जाते. लिहिणाऱ्याने ज्या रजिस्टरांत त्या हाकेच्या किमती नव्हत्याच तीही तपासली. हा मजकूर मूळचा एकाच प्रकारच्या पाहुण्यांसाठी होता. त्यांना ६४ बिटांच्या अवस्थेत जाताच येत नसे. त्यामुळे रजिस्टरांचे वरचे अर्धे भाग त्यांच्या हाती नव्हते आणि ती अट खरोखरच कधी खोटी ठरत नसे. पुढे तोच मजकूर दुसऱ्या प्रकारच्या पाहुण्यांसाठी वापरला गेला, ज्यांना हे भाग हवे तसे भरता येत. आता कोणाही पाहुण्याने एका निरुपयोगी रजिस्टरात कचरा ठेवून हाक मारावी आणि सबंध यजमान पाडावा! भिंत फुटली नव्हती, कोणाची माहिती चोरीस गेली नव्हती. संरक्षणासाठी ठेवलेली तपासणी हेच शस्त्र झाले.

'ही अट कधी खोटी ठरणारच नाही' या माझ्या विद्यार्थ्याच्या वाक्यालाही याच प्रसंगात उत्तर आहे. अट खरी होती ती ज्या घरात लिहिली त्या घरापुरती. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आतच नष्ट झाले, त्याच्या चौकशीतही हेच निघाले होते. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवावयाचा म्हणून सात किमतींपैकी तीन बिनसंरक्षण सोडल्या होत्या. एरियान ४ च्या मार्गावर त्या मर्यादा ओलांडणे शक्यच नव्हते. नव्या बाणाचा मार्ग निराळा होता. आणि चूक दिसताच प्रोसेसर बंद करावा असे ठरलेले असल्याने तो बंद झालाही. म्हणजे काटकसरही नडली आणि बंद पाडण्याचा नियमही.

लिनक्सच्या गोटात लिनस टोरव्हाल्ड्स यांचा पवित्रा प्रसिद्ध आहे: बग-ऑन घालून यंत्र मारू नका, इशारा छापा आणि शक्य तितके पुढे चला. लिनक्सच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही आज तेच लिहिलेले आहे. घरच्या संगणकाच्या दृष्टीने मला ते पटते. यंत्र मेले तर माणसाचे न साठविलेले काम जाते आणि बहुधा चूक का झाली याची नोंदही जाते. पण हायपरवायझरच्या बाबतीत 'पुढे चला' म्हणताना मन कचरते. एका भाडेकरूची स्मृतीची पाने दुसऱ्याच्या नावावर चढली आहेत अशी शंका असताना पुढे चालणे म्हणजे जाड तारेचा फ्यूज. एकही दिवा विझत नाही, आणि आत काय तापते आहे ते कोणाला दिसत नाही.

झेनवाल्यांनी आपल्या लेखन-नियमांत यावर जी भूमिका घेतली आहे ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. चूक वर कळविता येत असेल तर कळवा. नसेल तर त्या एका पाहुण्याला पाडा. त्यासाठी वेगळे कार्यच आहे. सबंध यजमान थांबवावयाचा तो तेव्हाच, जेव्हा पुढे गेल्याने किंवा एका पाहुण्याला पाडल्यानेही माहिती फुटण्याचा अथवा अधिकार बळकावले जाण्याचा धोका उरेल. आणि असर्ट हा चूक हाताळण्याचा मार्ग नव्हे, हेही त्यांनी ठणकावून सांगितले आहे. प्रत्येक बिऱ्हाडाला आपापला फ्यूज, आणि मुख्य फ्यूज शेवटचा. वीज मंडळाचा कोणताही वायरमन हे सांगेल. आमच्या घरमालकांनी त्याला विचारले नाही एवढेच.

अर्थात एका पाहुण्याला पाडणे हे वाटते तितके सोपे नाही. झेनचे ते कार्य पाहुण्याच्या कपाळावर खूण करून परत येते. पुढचा मजकूर चालूच राहतो. हाती घेतलेली कुलुपे सोडावी लागतात, अर्धवट बदललेली पानांची कोष्टके पूर्वपदावर आणावी लागतात. बग-ऑन लिहावयाला एक ओळ लागते आणि डोके लागत नाही. आळस हेच त्याच्या लोकप्रियतेचे अर्धे कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, मग कोणाला राग येवो.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे. ज्या किमतीला पाहुण्याचा हात लागू शकतो तिची तपासणी रिलीज बिल्डमध्येही राहिलीच पाहिजे. ती असर्टच्या भरवशावर सोडू नये. ज्या किमतीला फक्त आपलाच हात लागतो तिची तपासणी काढावयाची असेल तर मोजमाप करून काढ, 'वाटते' म्हणून नको. 'येथे कोणी येणारच नाही' असे कंपायलरला सांगण्याची सोय आता सी भाषेच्या नव्या मानकातही आली आहे. तो मोह तर टाळच. हे वाक्य खोटे निघाले तर कंपायलरने परतीची आज्ञासुद्धा ठेवलेली नसते, आणि यंत्र सरळ शेजारच्या कार्यात घुसते. आणि ऑप्टिमायझेशन चालू करून तयार झालेला यंत्राचा मजकूर एकदा तरी डोळ्यांखालून घाल. आमच्या प्रयोगशाळेत हे कोणी करीत नाही, कारण परीक्षेत ते विचारत नाहीत.

त्याने ते केले. गेल्या आठवड्यात अठरा पानांचा छापील गठ्ठा घेऊन तो आला. दोन रात्री त्यात घालविल्या होत्या. मूळ आज्ञावलीतल्या अकरा तपासण्यांना त्याने लाल शाईने क्रमांक दिले होते आणि यंत्राच्या मजकुरात त्या शोधून निळ्या शाईने खुणा केल्या होत्या. निळ्या खुणा दहाच होत्या. सातवी तपासणी कोठेच नव्हती. आम्ही दोघांनी मूळ कागद पुन्हा काढला. त्या पॉइंटरमधून किंमत वाचणारी ओळ तपासणीच्या बरोबर वर होती. त्याने काही न बोलता पेनाने बाण काढून ती ओळ खाली नेली, आणि मग विचारले, "सर, पाहुण्याला पाडल्यावर ही दोन कुलुपे कोणत्या क्रमाने सोडू?"